जोधपूरचे पाणी : केंद्राच्या अलीकडे आणि पलीकडे



वाळवंटातले शहर वाढू लागले की नव्या जलशुद्धीकरण केंद्राची योजना पुढे येणे क्रमप्राप्तच असते. माणसांच्या संख्येला दरडोई लिटरने गुणायचे, त्यावरून केंद्राची क्षमता ठरवायची, जागा पाहायची, कर्ज उभारायचे. नियोजन म्हणतात ते एवढेच. हे गणित किती अपुरे आहे, हे जोधपूरच्या उदाहरणावरून समजून घेण्यासारखे आहे.

1459 साली वसलेले हे शहर. पाऊस वर्षाकाठी सुमारे 360 मिलिमीटर. बावड्या, झालरे आणि तलाव यांच्या आधारावर त्याने शतके काढली. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शहराची मुख्य भिस्त आहे ती पंजाबातील हरिके येथे, सतलज आणि बियास यांच्या संगमावर उचललेल्या पाण्यावर. इंदिरा गांधी कालव्यातून आणि पुढे उपसा कालव्यातून, टप्प्याटप्प्यावर विजेचे पंप चालवून, ते कायलाना तलावात आणले जाते.

पाणी आले आणि विपरीतच घडले. घरोघरी नळ आल्यावर जुन्या विहिरी-बावड्यांचा उपसा थांबला. गळक्या नळांतले व गटारांतले पाणी मात्र खडकाच्या भेगांत मुरत राहिले. भूजल वर आले. जुन्या शहरात तळघरांतून पाणी साचू लागले आणि ते पंपाने उपसून टाकण्याची पाळी आली. वाळवंटात, शेकडो किलोमीटरवरून वीज जाळून आणलेले पाणी! त्याच शहराच्या कडेला, वालुकाश्माच्या खाणींत राबणाऱ्यांच्या वस्त्यांत, बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. ही निसर्गाची अवकृपा नव्हे. केंद्राच्या क्षमतेचा हिशेब झाला, पण केंद्रातून निघालेले पाणी कुठे जाते आणि वापरल्यावर त्याचे काय होते, याचा कोणी विचारच केला नाही.

अलीकडची बाजूही तपासली पाहिजे. नेहमीचे केंद्र तुरटीने गाळ खाली बसवते, वाळूच्या थरांतून पाणी गाळते, क्लोरीनने जंतू मारते. कारखान्यांतून आलेली, पाण्यात विरघळलेली रसायने त्याने जात नाहीत. लुधियानाचे मैलापाणी व कारखान्यांचे सांडपाणी बुढ्ढा नाल्यातून सतलजमध्ये येते, म्हणजे हरिकेच्या वरच. मे 2018मध्ये एका साखर कारखान्याची मळी बियासमध्ये सांडली, मासे मेले आणि काळे पाणी कालव्यात उतरल्याने राजस्थानात धावपळ उडाली. मळी म्हणजे काय, हे ऊसपट्ट्यातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. तेव्हा जोधपूरच्या केंद्राचा आराखडा पंजाबातल्या कारखानदारांवरील नियंत्रणापासून अलग कसा काढता येईल?

कालवा दुरुस्तीसाठी उन्हाळ्याच्या तोंडावर बंद ठेवला जातो. शहराजवळचा साठा थोडा असल्याने पाणी एक दिवसाआड सुटते, कधी त्याहूनही उशिरा. अशा वेळी ज्याच्या अंगणाखाली मोठी टाकी आहे आणि नळाला मोटर आहे, तो निभावतो. ज्याच्याजवळ दोन घागरी आहेत त्याच्यापर्यंत धारच पोहोचत नाही. एप्रिल 2022मध्ये तर याच जोधपूरहून पाली शहराला रेल्वेने पाणी न्यावे लागले. 2016 साली मिरजेहून लातूरला गेलेली गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना त्या दृश्याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही.

नवे केंद्र नकोच, असा हट्ट येथे नाही. वाढत्या शहराला ते लागेलच. पण त्याच्या कोट्यवधींच्या खर्चात गळती शोधण्याचा, जुने नळ बदलण्याचा, गाळणीचे थर धुतल्यावरचे पाणी पुन्हा वापरण्याचा आणि बावड्यांतला उपसा चालू करून ते पाणी बागा व बांधकामाकडे वळवण्याचा वाटा किती, हे निविदा निघण्याआधी विचारले पाहिजे. नकाशावर मुख्य नळाची रेघ खाणकामगारांच्या वस्तीच्या किती अलीकडे थांबते, तेही पाहिले पाहिजे. असे नकाशे सभागृहात मांडले जातात ते बहुधा ठेका दिल्यानंतरच.