आवतण



अध्यक्षाने आधी आपली पात्रता सांगावी असा संकेत आहे. माझी एवढीच, की पारदर्शक तावांवर एकेक चित्र रंगवत मी ॲनिमेशनच्या या धंद्यात आलो आणि आज आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट चढवताना माझा चष्मा अडकतो.

व्हीआरमध्ये जंगल कसं दाखवलं जातं, याची दोन उदाहरणं देतो. २०१७ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मिलित्सा झेक आणि विन्स्लो पोर्टर यांची ‘ट्री’ ही व्हीआर कलाकृती आली. तीत आपणच वर्षावनातला वृक्ष होतो. मातीतून वर, उजेडाकडे. हात हलवले की फांद्या हलतात, अंगाखाली कंप जाणवतो, वास येतात. शेवटी आग लागते आणि तिची धगही पोचते. कसब वादातीत आहे. तरी मला एक खुटखुट लागून राहिली: आपण कळवळतो ते झाड जळालं म्हणून, की आपण जळालो म्हणून?

दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या लिनेट वॉलवर्थ यांची २०१८ ची ‘आवावेना’. ब्राझीलच्या आक्रे राज्यात यावानावा हे आदिवासी राहतात. रबराच्या धंदेवाल्यांनी आणि मिशनऱ्यांनी त्यांचं जगणं जवळजवळ पुसून टाकलं होतं. त्यांचे प्रमुख ताश्का यांनी वॉलवर्थ यांची आधीची व्हीआर कलाकृती पाहिली आणि त्यांना हे आपल्या ओळखीचं वाटलं. त्यांच्या विधींतही वनस्पतींचं पेय घेऊन माणूस दुसरीकडे जातो, काहीतरी पाहतो आणि परत येतो. मग त्यांनीच आवतण धाडलं. गोष्ट आहे हुशाहू या बाईची. आपल्या पाड्यांवर ज्याला भगत म्हणतात, साधारण तसं ते पद. यावानावांत ते बाईला वर्ज्य होतं. हुशाहू ते मिळवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी. ताता या जख्ख म्हाताऱ्या गुरूने तिला शिकवलं.

आता आपल्या धंद्याचं. ‘आवावेना’तलं जंगल लायडारने टिपलेलं आहे. लेसरचे झोत सोडायचे, ते परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं आणि लाखो बिंदू मांडायचे. ठिपके काढले, रेघा मात्र जोडल्याच नाहीत, अशी रांगोळी. झाडांच्या आरपार दिसतं. हुबेहूब पानं रंगवण्यात आपण संगणक तापवत बसतो. इथे जंगल अर्धवटच दाखवलंय आणि म्हणून ते कुणाच्या तरी दृष्टान्तातलं वाटतं.

या जंगलाची एक गोष्ट मात्र अजून कुणीतरी नीट दाखवायची आहे. अटलांटिकवरून आलेली वाफ पावसाने खाली येते, झाडं ती पुन्हा हवेत सोडतात आणि अशी ती टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकते. आक्रे या साखळीच्या पार टोकाला. पूर्वेकडे कुऱ्हाड चालली की इकडचा पाऊस आटतो, वणव्याला वाळलेलं रान मिळतं. हे घडायला वर्षं लागतात, आणि आपला प्रेक्षक दहा मिनिटांत हेडसेट उतरवतो. हा पेच मला सुटलेला नाही. तरुणांनी बघावं.

शेवटी एक सूचना. आपल्या प्रदर्शनात कलाकृतीशेजारच्या पाटीवर दिग्दर्शक, ध्वनी, संगणक, प्रायोजक सगळे असतात. पुढच्या वर्षीपासून तिथे एक रकाना वाढवावा: ‘आवतण कुणाचं?’ रिकामा राहिला तर रिकामाच छापावा. ठरावाला अनुमोदक हवा आहे. हात वर करावेत; फांद्या फुटणार नाहीत.