गोबरगॅस : रोजच्या सेवेचे धन
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार कित्येक वर्षांतून एकदा होतो. दिवाबत्ती मात्र रोज करावी लागते. गोबरगॅसचेही तसेच आहे. संयंत्र बांधणारे पुष्कळ झाले. त्याची रोज सेवा करणारे कमी पडले.

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार करून दिवे लावले गेले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने त्या धर्तीची संयंत्रे खेड्यापाड्यांत नेली. तुकोबांच्या देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले संयंत्र रुजवले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

रीत सोपी आहे. जितके शेण तितकेच पाणी घालून काला करावा. बंद टाकीत हवेवाचून जगणारे जंतू तो कुजवतात आणि जळणारा मिथेन वायू वर जमतो. चार-पाच जनावरांचे सुमारे ५० किलो शेण रोज मिळाले, तर २ घनमीटर गॅस होतो. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर निघतो. गोवरी जाळली की खताची राख होते. येथे गॅसही मिळतो आणि नत्र राखून असलेली मळी शेताला परत जाते.

दर्यापूरच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत बांधकाम मात्र जपून करावे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी गॅस निसटतो. म्हणून पायाखाली मुरमाची भर द्यावी. भिंतीभोवती काळी माती न लोटता मुरूम घालून धुम्मस करावा. खारपाणपट्ट्यात लोखंडी टाकी लवकर गंजते. तिला दरवर्षी रंग द्यावा. पिण्याच्या विहिरीपासून संयंत्र किमान १५ मीटर दूर असावे.

आज घरोघरी सिलिंडर आला, ट्रॅक्टरने बैल कमी केले. मग हा खटाटोप कशाला? सिलिंडर चूल पेटवतो, शेताला खत देत नाही. ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत, त्याला दोन्ही घरीच मिळते. चार घरांनी मिळून संयंत्र उभारायचे असेल, तर काला कालवण्याची पाळी कोणाची, हे पहिली वीट बसण्यापूर्वी ठरावे. शेण पडेनासे झाले की गॅस आटतो आणि उरतो तो खड्डा.

याच मुलखात शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. त्यांचा खराटा उत्सवापुरता नव्हता, रोजचा होता. तीच रोजची सेवा गोठ्यापाशीही घडो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.