वसंत : पाहुण्यांना निरोप देण्याचा ऋतू



ज्याच्या नावाने ही व्याख्यानमाला गुंफली जाते त्या वसंताची विचारपूस व्यासपीठावरून क्वचितच होते. आज ती थोडी करावी, असे आम्ही योजिले आहे. वसंत म्हटला की आगमन, असे आपण धरून चालतो. कोकीळ बोलू लागला, आंब्याला मोहोर आला, ऋतुराज आला. युरोप-अमेरिकेतही लोक वसंतात दुर्बिणी घेऊन बागांतून हिंडतात. दक्षिणेकडून परतणाऱ्या पक्ष्यांचे तेथे स्वागत असते. आपल्याकडे मात्र हिशेब उलटा आहे. आश्विन-कार्तिकात आलेले उत्तरेचे पाहुणे फाल्गुन-चैत्रात परत निघतात. त्यांच्या घरी जो आगमनाचा ऋतू, तोच आपल्या दारी निरोपाचा.

हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. या शहागंजातून पहाटे निघून पायी दिल्ली दरवाजा गाठावा. जवळच सलीम अली सरोवर आणि समोर हिमायतबाग. मोगलांच्या काळी या पाण्याला खिजरी तलाव म्हणत. पुढे त्याला पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव मिळाले. बागेतील जुन्या झाडांखाली तास-दीड तास शांत उभे राहिले, तरी पिवळा धोबी, भिंगरी आणि भोरडी ही प्रवासी मंडळी ओळखीची होतात.

भोरडी आपणांपैकी शेतीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंगाने गुलाबी, डोके व पंख काळे. पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर ती मध प्यायला जमते म्हणून तिला पळसमैना असेही म्हणतात. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की तिचे थवे उतरतात आणि माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवितो. हीच भोरडी वसंतात मध्य आशिया आणि पूर्व युरोपच्या गवताळ मुलखात जाते, दगडांच्या कपारीत घरटे करते आणि पिलांना टोळ-नाकतोडे भरविते. चीनच्या शिंच्यांग भागात टोळांच्या बंदोबस्तासाठी तिच्याकरिता दगडांची घरटी मुद्दाम रचून देतात. आपण जिला गोफणीने हाकलतो, तिला तिकडे घर बांधून मिळते!

आता मोठ्या पाण्याकडे वळू. पैठणला गोदावरीवरील जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्रार्पण केले. त्यामागे पसरला तो नाथसागर. तो रुंद आहे आणि काठाकाठाने उथळ. उन्हाळ्याकडे पाणी हटू लागले की गाळाची जमीन उघडी पडते. शेतकरी तीत गाळपेर करतात आणि पक्षी त्याच चिखलात किडे, शिंपले, बी-बियाणे टिपतात. धरण माणसांसाठी बांधले. पक्ष्यांनी ते न विचारता आपले मानले, आणि १९८६ साली शासनाने या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा दिला. आपल्या घरच्या नळाला येते ते पाणीही तेथलेच.

तेथे रोहित येतात, तलवार बदके येतात, चक्रवाक येतात आणि पट्टकादंब येतात. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. तिबेट-मंगोलियाकडे परतताना तो हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याचे उड्डाण यंत्रांनी नोंदले आहे. कालिदासाच्या मेघदूतातील राजहंस मेघाच्या सोबतीने मानसाकडे निघतात. हे हंस तर पावसाच्या पुष्कळ आधीच मार्गस्थ झालेले असतात. पण त्यांची दिशा कवीने बरोबर सांगितली आहे.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही हौशी मंडळींना घेऊन नाथसागराच्या काठी गेलो होतो. फाल्गुन संपत आला होता. चिखलात रोहित आणि बदके माना खाली घालून चरत होती. मंडळी म्हणाली, "उडताना दाखवा, लाल पंख दिसू द्या." आम्हालाही मोह झाला आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. सारा थवा उठला, आकाश रंगले, मंडळी खूश झाली. शेजारी गाळपेरीत काम करणारे एक म्हातारबाबा तेवढे म्हणाले, "जेवत्या ताटावरनं उठिवलं की हो त्यांना." घरी येईपर्यंत ते वाक्य आमच्या कानातून गेले नाही.

बाबांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. दिवस मोठा होऊ लागला की प्रवासी पक्ष्याच्या शरीरात बदल घडतात. तो अधाशासारखा खातो आणि अंगावर चरबी साठवितो. काही छोटे पक्षी तर निघण्यापूर्वी वजनाने जवळजवळ दुप्पट होतात. ही चरबी म्हणजेच वाटेची शिदोरी. विनाकारण उडविलेला पक्षी त्या शिदोरीतला घास खर्चून बसतो, आणि त्याचा हिशेब वाटेत कोठेतरी डोंगरावर किंवा वाळवंटात चुकता होतो.

म्हणून पक्षी पाहायला जरूर जावे, मुलांनाही न्यावे. पण जायचे ते पाहुण्याच्या पंगतीशेजारून जावे तसे. सूर्य पाठीशी ठेवावा, कपडे मळखाऊ असावेत, बोलणे थोडे. पक्ष्याने चरणे थांबवून मान वर केली, की तीच आपली सीमा. तेथून एक पाऊल मागे. जो जाणता माणूस मंडळी घेऊन जातो, त्याने दाखविण्यापेक्षा थांबविण्याचे काम अधिक करावे. हे आम्ही टाळ्या वाजवून शिकलो. आपण न वाजवता शिकावे.

आणखी एक मागणे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात; पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. तो पाहुण्यांच्या स्वागताचा काळ. निरोपाचा सप्ताह मात्र कोणी पाळीत नाही. आलेला पहिला पक्षी सर्वांच्या नजरेत भरतो. शेवटचा केव्हा गेला हे कोणाच्या ध्यानात राहत नाही, कारण तो शेवटचा होता हे मागाहून कळते. तेव्हा एक वही करावी आणि भोरडी, धोबी, बदक दिसेल त्या त्या दिवशी तारीख टाकावी. ज्या तारखेपुढे पान कोरे राहील, तोच त्यांचा निरोप. अशा दहा वर्षांच्या वह्या घरोघर झाल्या, तर पाणी केव्हा हटले, ऊन केव्हा चढले, पाहुणे का लवकर गेले, हे आपल्याच अक्षरात आपल्याला वाचता येईल.

पुढे ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, आफ्रिकेकडून चातक येतील. तोवर जाणाऱ्यांना निवांतपणे पोटभर जेवू द्यावे आणि मग जाऊ द्यावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.