प्राध्यापक आघारकर

आघारकर हें नांव कानीं पडतांच पुष्कळांना सुधारककर्ते आगरकर आठवतात. अक्षरांचा फरक थोडा, पण मनुष्य अगदीं निराळा. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १८८४ सालीं मालवण येथें झाला.

प्रथम ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत जीवशास्त्राचे अध्यापक झाले. परंतु पुस्तकांतून शिकवून त्यांचें समाधान होईना. सवड मिळाली कीं ते सह्याद्रीची वाट धरीत. अशाच भ्रमंतींत कृष्णेच्या उपनद्यांत त्यांना गोड्या पाण्यांतला जेलीफिश सांपडला. ह्या वंशाचे जीव तोंपर्यंत आफ्रिकेंतच ठाऊक होते! कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील ॲनंडेल यांनीं १९१२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

पुढें कलकत्ता विद्यापीठानें त्यांना वनस्पतिशास्त्राचें घोष-अध्यासन दिलें व अधिक अभ्यासासाठीं जर्मनीस पाठविलें. तोंच १९१४ चें महायुद्ध पेटलें. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रुराष्ट्रांत अडकले. कांहीं काळ त्यांना स्थानबद्धतेंतहि काढावा लागला. दुसऱ्या एखाद्यानें अभ्यासाची आशा सोडली असती. आघारकरांनीं बर्लिनमध्यें एंग्लर यांच्यापाशीं प्रबंध पुरा केला आणि मगच स्वदेश गांठला. वायव्य हिंदुस्थानांतील रुक्ष भूमींतल्या वनस्पतींचें बीं दूरवर कसें पसरतें आणि त्या मुळांत आल्या कोठून, हा त्या प्रबंधाचा विषय.

झाड जागचें हलत नाहीं. बीं मात्र वाऱ्यानें, पाण्यानें, जनावरांच्या अंगाला चिकटून कोठच्या कोठें जातें. शिक्षकाचें कार्यहि असेंच. कलकत्त्यास आघारकरांनीं विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या आणि १९४६ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, ते निवृत्त झाले. आतां पुण्यास स्वस्थ बसावें, असें कोणीहि म्हटलें असतें. परंतु महेंद्रलाल सरकारांनीं १८७६ सालीं स्थापिलेली विज्ञानसंस्था त्यांनीं कलकत्त्यास पाहिली होती. महाराष्ट्रांतहि अशी संस्था हवी, म्हणून त्याच वर्षीं पुण्यांत ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ उभी राहिली. तिची धुरा त्यांनीं १९६० सालीं देह ठेवीपर्यंत वाहिली.

१९९२ सालीं तिच्या संशोधनसंस्थेला त्यांचें नांव देण्यांत आलें. ही संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्याला नांव आहे गोपाळ गणेश आगरकरांचें. तेथून जातांना दोन्ही नांवें वेगवेगळीं स्मरावीं. पेन्शन हा कार्याचा शेवट नव्हे, हें त्यांतील एकानें स्वतःच्या आचरणानें दाखविलें आहे.