घरातील वडीलधाऱ्यांचे चित्र



चित्रकलेवर बोला, असे मला सांगण्यात आले. विषय अफाट आहे, म्हणून त्यातला एकच कोपरा मी निवडला आहे: घरातील दादा, नाना, दादीमाँ यांना समोर बसवून त्यांचे चित्र काढणे आणि ते सुधारत नेणे. आमची मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएटला बसतात. तेथे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असते. समोर बसलेला जिवंत माणूस नसतो. त्यामुळे माठ उत्तम काढणारा मुलगा आजोबांच्या कपाळापाशी अडतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्यातील काही घरांत माणसाच्या चित्राविषयी संकोच आहे. त्यावर वाद घालण्यासाठी मी उभा नाही. ज्यांचे चित्र काढायचे त्यांची संमती आधी घ्यावी, आणि त्या नको म्हणाल्या तर वही मिटावी. मात्र हे आपले क्षेत्रच नव्हे, असे कुणी म्हणू नये. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले व पुढे त्यांना शाहू महाराजांचा आश्रय लाभला. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. आई लहानपणीच गेली, तिचा चेहरा त्यांना आठवत नसे. पुढे त्यांनी मदर तेरेसांची चित्रे रंगविली, त्यांत चेहरा नाही. निळ्या काठाची पांढरी साडी आणि हात, एवढेच. तरीही पाहणारा ओळखतो.

याच गोष्टीचा धडा आपल्या डहाणू-तलासरीत घरोघरच्या भिंतींवर होता. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या वारली माणसाला नाक-डोळे नसतात. दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि काड्यांसारखे हातपाय. परंतु कोण वाकले आहे, कोण ओझे वाहते, कोण नाचते, हे लांबून कळते. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. व्यक्तिचित्र शिकणाऱ्याने त्यांच्याकडून एवढे घ्यावे की, आधी बसण्याची ढब पकडावी, चेहरा मागाहून. चिकूच्या वाडीत आयुष्य गेलेल्या माणसाचे खांदे आणि गादीवर बसून हिशेब लिहिलेल्या माणसाचे खांदे एकसारखे नसतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सकाळच्या वेळी खिडकीजवळ बसवावे, उजेड एका बाजूने यावा. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करावी; तिच्यामुळे चेहरा सपाट होतो. वीस मिनिटांपेक्षा अधिक बसवू नये. वृद्ध माणसाची मान दुखते, पण नातवंडासाठी ती बोलत नाही! मध्ये चहा द्यावा, जुन्या गोष्टी विचाराव्यात. बोलताना जो चेहरा उमटतो तोच खरा. मोबाइलवर फोटो काढून त्यावरून काम करणाऱ्यांना सांगतो की, फार जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात.

वयाबरोबर चेहऱ्याची ठेवणच बदलते. दात गेले की नाक व हनुवटी यांतील अंतर कमी होते, पापणी खाली येते, कानाची पाळी लांबते. हे न पाहता तरुण चेहरा काढून त्यावर रेघा ओढल्या की नाटकातला म्हातारा तयार होतो. सुरकुती ही रेघ नव्हे. ती कातडीची घडी आहे. तिला एक उजेडाची बाजू असते, एक सावलीची. दाढीही पांढरी नसते: सावलीत निळसर-करडी, उजेडात किंचित पिवळी, आणि मेंदी लावली असेल तर निराळीच. जलरंगात दाढीचा सर्वांत उजळ भाग कोरा कागदच ठेवावा.

चित्र झाले असे वाटले की खरे काम सुरू होते. दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून ठेवावे. मग आरशात पाहावे, उलटे धरून पाहावे, डोळे बारीक करून दुरून पाहावे. चूक लगेच डोळ्यांत भरते. आधी मोठी चूक काढावी. डोके तिरपे बसले असेल तर पापणीचे केस रंगविण्यात अर्थ नाही. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने १६६९ मध्ये, मृत्यूच्याच वर्षी, ६३ व्या वर्षीचे स्वतःचे चित्र काढले. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. क्ष-किरणांनी तपासले तेव्हा आढळले की, हातात आधी कुंचला होता. तो काढून त्याने हात एकमेकांत गुंफले. टोपीही लहान केली. आयुष्यभर चित्रे काढलेल्या माणसाने हे केले, तर आमच्या मुलांनी खोडरबराची लाज का बाळगावी?

पालकांना एक विनंती. चित्र पाहताच आपण म्हणतो, "अरे, सुरकुत्या जरा कमी कर, दादी फार थकलेली दिसते." प्रेमापोटी म्हणतो, मान्य. परंतु मुलाने तसे केले की त्याने पाहिलेले सगळे पुसले जाते, आणि उरतो तो लग्नाच्या अल्बममधला गुळगुळीत चेहरा. त्यात दादी नसते. चिमणीच्या उजेडात बारीक शिवण करून डोळ्यांभोवती पडलेले जाळे, डोईवर भारा वाहून आखूड झालेली मान, हे तिचे आहे. सुधारणा करायची ती अधिक सारखे दिसावे म्हणून. अधिक तरुण दिसावे म्हणून नव्हे.

शेवटचा निवाडा मात्र जिचे चित्र आहे तिच्याकडे न्यावा. ती बहुधा म्हणेल, "मी इतकी म्हातारी झाले का रे?" मुलाने त्या वेळी गप्प बसावे. थोड्या वेळाने ती चष्मा लावून पुन्हा पाहील आणि पदर नीट निघाला नाही, एवढे सांगेल. पदर तेवढा नीट करून द्यावा.