जुन्या साडीचे अर्थशास्त्र

(व्याख्यानाचा संपादित भाग)



टाकाऊ वस्तूंपासून बनविलेल्या पिशव्या, बटवे, गळपट्टे यांना आज शहरी बाजारपेठेत चांगली मागणी आहे. ही कल्पना पाश्चात्त्य देशांतून आली, असे अनेकांना वाटते. त्यांनी बंगालचा कांथा पाहावा. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जमविलेला कांथांचा संग्रह कोलकात्यातील जोका येथील गुरुसदय संग्रहालयात आहे. जुन्या साड्या व धोतरे यांचे थर एकावर एक ठेवायचे, साडीच्या काठातूनच रंगीत दोरा उसवून काढायचा आणि धावदोऱ्याने ते शिवायचे, ही मूळ रीत. आपल्याकडील गोधडीचीच ही बहीण. मात्र बंगाली स्त्रिया केवळ पांघरूण शिवून थांबल्या नाहीत. आरसा व फणी गुंडाळण्याची ‘आरशीलता’, पैसे ठेवण्याची घडीची ‘दुर्जनी’ हेही कांथाचेच प्रकार होत.

येथे परीक्षेच्या दृष्टीने एक भेद लक्षात ठेवावा. वस्तू मोडून तिच्यापासून पुन्हा कच्चा माल तयार करणे म्हणजे पुनर्चक्रण. कांथामध्ये कापड मोडले जात नाही. त्याचा मूल्यवर्धित पुनर्वापर होतो. ऊर्जा कमी लागते, श्रम मात्र पुष्कळ लागतात.

या श्रमांतच खरी मेख आहे. कच्चा माल फुकट मिळतो, म्हणून वस्तू स्वस्त पडावी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जुने कापड गोळा करणे, निवडणे, धुणे, विरलेला भाग वगळून रंग जुळविणे, हे सर्व हाताने करावे लागते. महाराष्ट्रात बोहारीण भांड्यांच्या मोबदल्यात जुने कपडे नेते. कोलकात्यातही अशी देवघेव चालते. ही साखळी जवळजवळ संपूर्ण अनौपचारिक आहे. शिवाय प्रत्येक तुकडा निराळा असल्याने एकाच मापाने शेकडो नग कापता येत नाहीत आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची काटकसर साधत नाही. परिणामी दुकाने सोयीचा मार्ग धरतात. आज कांथा म्हणून विकले जाणारे पुष्कळसे भरतकाम नव्या तसर रेशमावर केलेले असते. ते सुंदर असेल, पण त्याला टाकाऊतून टिकाऊ म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्याने नावाला संरक्षण मिळते, टाके घालणारीच्या मजुरीला नव्हे.

दुसरे उदाहरण चामड्याचे. १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तांगरा, तिलजला, तोपसिया व पागलाडांगा येथील सुमारे ५५० चर्मोद्योग शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्यांच्यासाठी बानतला येथे चर्मनगरी उभी राहिली. ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व या निकालात ठळकपणे दिसते. पिशव्या कापताना उरणाऱ्या तुकड्यांपासून किल्ल्यांचे गोफ व लहान पाकिटे होतात, तेवढा कचरा वाचतो. परंतु क्रोमने कमावलेल्या चामड्याचा चुरा यातून नाहीसा होत नाही. बानतलाजवळच पूर्व कोलकात्याचे पाणथळ क्षेत्र आहे. २००२ पासून ते रामसर यादीत आहे. तेव्हा पाकिटे विकली गेली म्हणून बाह्य खर्च भरून निघाला, असा हिशेब मांडणे माझ्या मते घाईचे आहे.

आता धोरणाकडे वळू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, चर्मकार आहे. पण भरतकाम करणारी स्त्री स्वतंत्रपणे नाही. जुने कपडे गोळा करणारीही नाही. कांथाची कारागीर बहुधा घरी बसून, नगावर मजुरी घेऊन, मध्यस्थामार्फत काम करते. त्यामुळे ती कामगार की स्वयंरोजगारी, हा प्रश्न उरतोच. बचत गटांनी कापडाची निवड व धुलाई एकत्रितपणे केली, तर मध्यस्थाच्या हाती जाणारा काही हिस्सा त्यांच्याकडे वळू शकेल. भांडवल तुलनेने थोडे लागते. अडचण विक्रीची आहे. कारण मोठा ग्राहक एकसारख्या मालाची मागणी करतो आणि जुन्या साडीचे दोन तुकडे कधीच एकसारखे नसतात.