‘मुदत संपली’ असं मी म्हणालो होतो
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आज सगळे गोड बोलले. मी मात्र एक कबुली देणार आहे.

बारा वर्षांपूर्वी वार्षिक सभेत कन्व्हेयन्सचा विषय निघाला, तेव्हा मी खजिनदार होतो. उठून म्हणालो, “मुदत कधीच संपली, आता वकिलाला पैसे कशाला?” बँकेतला माणूस म्हणून तुम्ही ऐकलंत आणि विषय मिटला. चूक माझी.

बँकेत आमचं सारं लक्ष तीन वर्षांवर. त्याआधी कर्जदाराची बॅलन्स कन्फर्मेशनवर सही घ्यायची, नाहीतर दाव्याची मुदत जायची. तीच फूटपट्टी मी इथं लावली.

पुढे सुप्रीम कोर्टाचा ११ जानेवारी २०२२ चा निकाल वाचला. मुंबईची समृद्धी सोसायटी. १९९७ मध्ये ताबे मिळाले, पण बिल्डरने भोगवटा दाखला घेतलाच नाही. त्यामुळे सभासद २५ टक्के जादा घरपट्टी आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत राहिले. २०१४ मध्ये राज्य ग्राहक आयोगाने दाखला आणायला सांगितलं, तरी आला नाही. भरलेले जादा पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक आयोग म्हणाला, मुदत गेली. न्या. चंद्रचूड आणि न्या. बोपन्ना यांनी ते फिरवलं. दाखला देणं हे बिल्डरचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे. ते होत नाही तोवर चूक रोज चालूच राहते आणि मुदतही रोज नव्याने सुरू होते. मुदत कायद्याचं कलम २२ हेच सांगतं.

तो खटला दाखल्याचा होता, कन्व्हेयन्सचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण १९६३ च्या मोफा कायद्याने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं हेही बिल्डरचं कर्तव्यच ठरवलंय. करारात वेगळी मुदत नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. नाही केलं, तर कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. बिल्डरची सही नसली तरी अडत नाही.

पंचवीस वर्षं आपण गच्ची दुरुस्त केली, रंग दिला, गणपती बसवले. पण सातबारावर अजून आपलं नाव नाही. उद्या पुनर्विकासाची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येईल. आपल्यातले आठ जण आता नाहीत. त्यांच्या मुलांना आपण काय देणार?

म्हणून विनंती. येत्या सभेत ठराव करा. प्रत्येकाने आपल्या कराराची आणि इंडेक्स टूची झेरॉक्स सेक्रेटरींकडे द्या. फाइल लावायचं काम माझं. हात थरथरतात, पण पंचिंग मशीन अजून चालवता येतं.